तिसऱ्या वळणावरचं पाणी

२२ जून १९५५, बुधवार

शेवटचा ट्रक गेल्या आठवड्यात घाट उतरून गेला. आता दसऱ्यापर्यंत इथे मी, सहा मजूर आणि पाऊस. बोलायला माणूस नाही म्हणून ही वही काढली. ठेकेदाराच्या वहीत हजेरी आणि मुरूम; या वहीत माझं मन. कोणी वाचणार नाही, तेव्हा अक्षर कसंही आलं तरी चालेल.

घाट म्हणजे हिरड्याचा घाट. सूरजागडच्या डोंगरांकडे चढणारा सात मैलांचा कच्चा रस्ता. गुणवंतराव ठेकेदारांनी लाकडाच्या ट्रकांसाठी डोंगर कापून काढला, आणि त्यावर मिस्त्री म्हणून आठ महिन्यांपूर्वी मला ब्रह्मपुरीहून आणून बसवलं. माझी चौकी पाचव्या मैलावर आहे. दरीच्या कडेला दोनशे बारा दगड मी स्वतः दोरी धरून एका ओळीत बसवले आणि त्यांना चुना लावला. असा रस्ता चांद्यापासून इकडे दुसरा दाखवा म्हणावं कोणी.

धुरपता माहेरी गेली त्याला चार वर्षं झाली. जाताना म्हणाली, "भिंतीसंगंच बोलाचं हाये तं माहेरच्या भिंती काय वाईट?" मी तिला काय कमी केलं होतं ते मला अजून कळलेलं नाही. असो. पहिल्याच पानावर ते कशाला.

२८ जून, मंगळवार

आज घाटात फटफटीचा आवाज! मला आधी वाटलं, कान वाजतायत. बाहेर येऊन पाहतो तर डोक्यापासून पायापर्यंत लाल चिखलात माखलेला एक तरुण माणूस गाडी ढकलत येतोय आणि हसतोय.

डोमाजी निकुरे, राहणार आरमोरी, वय सव्वीस. दवाखान्यातर्फे देवीची लस टोचायला फिरतो. वरच्या पाड्यांवर देवीची साथ आहे, दोन पोरं गेली. लष्कराच्या लिलावातली ही जुनी फटफटी त्याला मिळाली म्हणून बरं, कारण लस फार टिकत नाही. काचेच्या बारीक नळ्या पत्र्याच्या डब्यात आणि डब्याभोवती ओलं फडकं. फडकं वाळलं की लस वाया. पायी येणाऱ्याची अर्धी लस वाटेतच मरते म्हणे. आता तो दर मंगळवारी वर येणार आणि शुक्रवारी उतरणार.

माझे दगड पाहून म्हणाला, "मिस्त्रीभाऊ, दगड तं असे बसवले का पंगतीत वऱ्हाडी बसले! वाढाले येऊ काय?"

मी हसलो. किती दिवसांनी हसलो, कोण जाणे. चहा पाजला, आणि मग त्याला घाटात गाडी कशी चालवायची ते नीट समजावलं. उतारावर गाडी गिअरातच ठेवायची, वळणाआधी हॉर्न, ट्रकच्या चाकोरीच्या बाहेर जायचं नाही, आणि कितीही पाऊस असो, दरडीखाली आडोशाला थांबायचं नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. असा ऐकणारा माणूस दुर्मीळ.

८ जुलै, शुक्रवार

डोमाजी उतरला. वरच्या एका पाड्यावर बायका पोरं घेऊन रानात पळाल्या होत्या, सुईच्या भीतीनं. यानं काय करावं? आधी स्वतःच्याच दंडावर टोचून दाखवलं, मग फटफटीवर पोरांना एक-एक चक्कर. चक्कर हवी तर टोचून घ्या! एकोणतीस पोरं झाली म्हणाला. सांगताना डोळे चमकत होते.

बायकोचं नाव रंभा. लग्नाला दीड वर्ष. दर आठवड्याला तिला पत्र लिहितो, आणि त्यात घाटातली माझी चौकी असतेच म्हणे. कोणाच्या पत्रात आपण असतो ही गोष्ट मला रात्री निजेपर्यंत पुरली.

१९ जुलै, मंगळवार

पाच दिवस झड. आज उघडीप. तिसऱ्या वळणावर मला एक फार चांगली गोष्ट सापडली. रस्त्यासाठी कापलेल्या दरडीतून, कमरेइतक्या उंचीवरून, हाताच्या मनगटाएवढी पाण्याची धार लागली आहे. आठ महिन्यांत तिथे कधी ओलसुद्धा नव्हती. आणि पाणी बर्फासारखं थंड!

मी तासाभरात बांबू चिरून पन्हळ बसवली, खाली चपटे दगड मांडले. डोमाजी आला तेव्हा त्याला थांबवून दाखवलं. लसीचं फडकं भिजवायला याहून चांगली जागा कोणती? त्यानं फडकं भिजवलं, तोंड धुतलं, तापलेल्या इंजिनाला वारा घालत बसला आणि म्हणाला, "मिस्त्रीभाऊ, माह्यासाठी गंगा आणली तुमी." मी म्हटलं, आता दर खेपेला इथेच थांबत जा. उद्या एक बसायचा ओंडकाही टाकून देतो.

२१ जुलै, गुरुवार

कोलूशी वाद. कोलू माझ्या मजुरांतला सगळ्यात म्हातारा, वरच्या पाड्यावरचा माडिया. काम चांगलं करतो, पण डोक्यात एक घेतलं की घेतलं. मी ओंडका उचलायला लावला तर नुसता पन्हळीकडे पाहत उभा. पाणी ओंजळीत घेतलं, थोडं गढूळ होतं, माझ्यासमोर धरलं.

"दादा, येर लाल हाये."

येर म्हणजे पाणी. मी म्हटलं, पावसाळ्यात पाणी लाल नाही तर काय हिरवं असणार? दोन दिवसांत निवळेल.

"इथी बसू नोको. मेट्टा चालून राह्यला."

मेट्टा म्हणजे डोंगर. डोंगर चालतो! हे असं आहे. डोंगरात त्यांचे देव, त्यामुळे मी कुदळ मारली की कुठला ना कुठला देव दुखावतोच. मी ओंडका दुसऱ्या दोघांकडून उचलवला.

२६ जुलै, मंगळवार

आज डोमाजीचा जीव थोडक्यात वाचला.

तिसऱ्या वळणाच्या अलीकडे कोणीतरी रस्त्यावर पानांसकट फांद्या आडव्या टाकल्या होत्या आणि बुंध्यांवर दगड ठेवले होते. डोमाजी वळून आला, ब्रेक दाबला, ओल्या पानांवरून चाक सरकलं आणि गाडी थेट माझ्या पांढऱ्या दगडांवर. दगड नसते तर दरीत. गुडघा फुटला, हँडल वाकलं, पण लसीचा डबा त्यानं छातीशी धरून ठेवला होता.

जखम बांधताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. तो उलट मला समजावतो, "अजी, चामडं होय, येऊन जाते वापस."

२७ जुलै, बुधवार

फांद्या कोलूनं टाकल्या. विचारलं तर लगेच कबूल झाला, लपवलं नाही. म्हणाला, वाटेत हिरवी डगाल आडवी आणि बुडावर दगड असला तर ती वाट बंद. त्याच्या पाड्यावरचं लहान पोरसुद्धा तिथून मागे फिरतं.

मी म्हटलं, "पोरगं फिरतं रे, फटफटी फिरत नाही! ओल्या पाल्यावर चाक टिकतं का? माणूस मेला असता काल, तुझ्या डगालीपायी."

तो हळूच म्हणाला, "मंग तू सांग त्याले. थांबू नोको म्हण."

मी सगळ्या मजुरांना बोलावून हुकूम दिला. यापुढे रस्त्यावर एक पान दिसता कामा नये. सकाळी सातच्या आत सात मैल झाडून साफ. रस्त्यावरची सुरक्षितता म्हणजे काय ते यांना कोणी शिकवलेलंच नाही, ते मलाच शिकवावं लागणार. सगळ्या फांद्या मी उभं राहून दरीत फेकवल्या.

५ ऑगस्ट, शुक्रवार

तिसऱ्या वळणावरचे माझे नऊ दगड ओळीतून बाहेर गेले आहेत. वीतभर दरीकडे. गेल्या आठवड्यातही चार सरकले होते, ते मी पुन्हा बसवले. रानगवा रात्री अंग घासत असणार. पुन्हा दोरी धरली, पुन्हा बसवले, नवा चुना दिला.

पन्हळीचं पाणी वाढलं आहे. दरडीवरचा मोह थोडा रस्त्याकडे झुकल्यासारखा वाटतो. त्याची सावली आता बरोबर ओंडक्यावर येते. बसायला बरं झालं.

डोमाजी शुक्रवारचा उतरताना अर्धा तास तिथे बसला. रंभाला दिवस गेले आहेत. मला सांगताना आधी लाजला, मग गाडीचा हॉर्न तीन वेळा वाजवला. मुलगी झाली तर काय नाव ठेवू म्हणाला. बापजन्मात मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. म्हटलं, विचार करून मंगळवारी सांगतो.

१२ ऑगस्ट, शुक्रवार

कोलूनं तिसऱ्या वळणावर काम करायला साफ नकार दिला. बाकीचे पाचही कुरकुरतात, पण येतात. मी म्हटलं, काम नाही तर हजेरी नाही. त्यानं कुदळ माझ्यापुढे नीट ठेवली आणि खाली निघून गेला. हजेरीत आजपासून त्याच्यापुढे गैरहजर.

आता कळतं की तो घाटाच्या पायथ्याशी दगडावर जाऊन बसला आहे. आज डोमाजी उतरला तर हा रस्त्यात आडवा. डोमाजीनं थांबून विचारलं, तर हातवारे करून काहीबाही सांगायला लागला. डोमाजीनं मला पायथ्यावरून एका वाटसरूच्या हाती चिठ्ठी पाठवली: कोलूदादा काय म्हणतात ते मला उमजत नाही, रस्त्यात काही भानगड आहे काय?

मी त्याच माणसाबरोबर उलट चिठ्ठी दिली. रस्ता रोज माझ्या नजरेखालून जातो, रस्ता पक्का आहे. म्हातारा माझ्यावर रुसला आहे. पुन्हा आडवा आला तर हॉर्न वाजवा आणि पुढे व्हा.

१६ ऑगस्ट, मंगळवार

डोमाजी आला, चहा झाला. मी नाव सुचवलं. त्याला आवडलं. इथे लिहीत नाही, दृष्ट लागते.

२४ ऑगस्ट, बुधवार

काल लिहिता आलं नाही. आजही येईल असं वाटत नाही.

काल सकाळपासून पाऊस नव्हता. ऊन होतं. म्हणून मी निर्धास्त होतो, हे लिहून ठेवतो. दहाच्या सुमाराला खालून फटफटी ऐकू आली. पहिलं वळण, दुसरं वळण, मग तिसऱ्यावर आवाज बंद. नेहमीसारखा. फडकं भिजवायला थांबला असणार. त्याला वर यायला अजून पंधरा मिनिटं, म्हणून मी चहाचं आधण ठेवलं.

मग एक आवाज आला. ट्रकमधून दगड ओततात तसा, पण संपेचना. चौकीच्या भिंतीवरचा आरसा खाली पडला. मी धावलो.

तिसरं वळण नव्हतंच. वरून दरीपर्यंत लाल माती, मोहाचं झाड मुळ्या वर करून पडलेलं, आणि त्यातून वाफ निघत होती. माझ्या दगडांपैकी एक दिसत नव्हता.

खालच्या बाजूनं एक माणूस चिखलात गुडघ्यापर्यंत रुतून हातांनी माती उपसत होता. तो कोलू. माझ्या आधी पोचला होता. आम्ही सातजण दिवसभर उपसत राहिलो. फटफटी दुपारी लागली. डोमाजी आज सकाळी. पन्हळीच्या जागेपाशीच होता, ओंडक्याला टेकून. लसीचा डबा मांडीवर. फडकं ओलं होतं.

२५ ऑगस्ट, गुरुवार

पाटलानं पंचनामा केला. आरमोरीहून डोमाजीचा भाऊ गाडी घेऊन आला आणि त्याला घेऊन गेला. मी गाडीबरोबर पायथ्यापर्यंत गेलो. परत येताना माझ्याच्यानं घाट चढवेना.

२७ ऑगस्ट, शनिवार

गुणवंतराव आले. आल्याबरोबर घटनास्थळ पाहिलं, टोपी काढून उभे राहिले. वाईट माणूस नाही. मग चौकीत बसून म्हणाले, "बघा मिस्त्री, आदमी गेला. दवाखान्यातून लिहून मागतील, काऊन झालं म्हून. कागदावर काहीतरी लागते ना."

हजेरी पाहिली. बोट एका ओळीवर थांबलं. कोलू, बारा ऑगस्टपासून गैरहजर.

"तिसरं वळण कोणाच्या हिश्शात होतं?"

"कोलूच्या."

"मंग झालं तं! पाळतीचा माणूस कामावर नाई. रस्त्यावर इशारा कोण देणार? लिहा."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. वळणाची निगराणी ज्याच्याकडे तो मजूर न सांगता गैरहजर राहिल्यामुळे वाहनचालकास धोक्याची सूचना मिळू शकली नाही. खाली माझी सही. कोलूचं नाव कमी केलं.

त्यात मला वाटतं शब्द एकच खोटा आहे, 'न सांगता'. बाकी सगळं हजेरीप्रमाणे आहे. पाऊसही किती पडला यंदा. डोंगर कोसळला त्याला मिस्त्री काय करणार? हे मी आज दिवसभर स्वतःला सांगतो आहे, आणि लिहूनही ठेवतो.

५ सप्टेंबर, सोमवार

दरडीच्या वर चढलो. दहा-अकरा महिन्यांत पहिल्यांदा. रस्ता खालून दिसतो म्हणून वर जायची मला कधी गरज वाटली नव्हती.

जिथून डोंगर तुटला त्याच्या बाजूला फट पुढे गेलेली आहे, हात जाईल एवढी रुंद, रानात वीस-पंचवीस पावलं. फटीच्या दोन्ही कडांना बांबूच्या बारीक खुंट्या ठोकल्या होत्या, जोडीजोडीनं, आणि प्रत्येक जोडीपाशी एक काडी. पहिली काडी करंगळीएवढी. मग वीत. मग हात. कोणीतरी रोज इथे येऊन डोंगर किती चालला त्याचं माप घेत होतं.

टेप माझ्या खिशात होता. मी तिथे खाली बसलो. पाणी लाल का होतं ते कळलं, दगड कुणी सरकवले ते कळलं, मोह का झुकला ते कळलं. मी त्या मोहाच्या सावलीला बरं म्हणालो होतो. मागची पानं उलटून पाहिली, सगळं माझ्याच अक्षरात आहे.

'दरडीखाली थांबायचं नाही' हेही माझ्याच अक्षरात आहे. तो ऐकणारा माणूस होता. मी थांब म्हटलं, तिथे थांबला.

११ सप्टेंबर, रविवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

दुपारी डोमाजीची बायको आली. रंभाबाई. दीर पायथ्याशी बैलगाडीजवळ थांबला, ती एकटी चढून आली. पाचवा महिना असावा. दरडीची माती ओलांडायला आम्ही पायवाट केली आहे, तिथे ती थोडा वेळ उभी राहिली. नंतर चौकीत येऊन बसली आणि माझ्या पायाला हात लावायला वाकली. मी मागे सरलो.

"ते लिहीत होते जी. घाटात मिस्त्रीभाऊ हायेत, मोठ्या भावावाणी पाहतात. मले म्हणून काळजी नव्हती." मग पदराखालून कागद काढला. दवाखान्याकडून आलेली माझ्या अहवालाची नक्कल. "इथी लिहिलं हाये, सूचना भेटली नाई. एवढा मोठा डोंगर पडाले आला अन् कोणालेच दिसला नाई काय? कोणीच सांगतलं नाई त्याईले?"

मला हो म्हणता आलं असतं. कागद माझ्याच सहीचा. ती हो घेऊन घरी गेली असती, आणि मला मोठा भाऊ समजत राहिली असती. मला ते फार हवं होतं.

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "एकानं सांगितलं होतं. महिनाभर सांगत होता. मी सांगू दिलं नाही."

मग सगळं सांगितलं. पाणी, पन्हळ, ओंडका, फांद्या कशा फेकवल्या, चिठ्ठीत काय लिहिलं, अहवालात काय. ती ऐकत होती. ओरडली असती, शाप दिला असता तर मला सोपं गेलं असतं. तिनं नक्कल घडी करून परत पदराखाली ठेवली.

"तो माणूस कुठी राह्यते?"

कोलूचा पाडा चौकीपासून दीड मैल. मी पुढे, ती मागे. वाटेत दोनदा थांबली, तेव्हा मी पाणी विचारलं. नको म्हणाली.

कोलू अंगणात टोपली विणत होता. तिला पाहून उठला. मी नाव सांगायच्या आधीच त्याला कळलं असावं, कारण त्यानं बायकोला, बुधरीला, हाक मारून आत चटई टाकायला लावली. मी त्याच्यापुढे हात जोडले. पाठ केलेलं बरंच काही होतं, त्यातलं एकही वाक्य आलं नाही. एवढंच म्हणालो, "कोलूदादा, चूक माझी."

त्यानं मान हलवली. "डगाल आमची. तुले कशी समजन? मी तुले वर न्याले पाह्यजे होतं. हात धरून, मेट्ट्यावर. मले राग आला, म्हून नाई नेलं." आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू दोष आम्ही दोघांनी वाटून घ्यायचा होता, आणि त्याचा वाटा त्यानं आधीच उचलला होता. मला ते सहन झालं नाही.

रंभाबाई आत जाऊन बसली. मी दारात पाय ठेवला तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी बाहेर राहा."

मी अंगणात राहिलो. कुडाची भिंत, सगळं ऐकू येत होतं, थोडं दिसतही होतं.

"त्या दिवशी तुमी होते काय खाली?"

"होतो."

"काय बोलले ते?"

कोलू थांबत थांबत बोलला, शब्द शोधत. "मी रस्त्यात उभा. त्यानं गाडी बंद केली. मी म्हटलं, नोको जाऊ. तो म्हणे, कोलूदादा, वर लेकरं तापून राह्यले. म्हणे, मिस्त्रीभाऊनं रस्ता पाह्यला हाये, मिस्त्रीभाऊले मालूम हाये. मी हँडल धरलं. घट्ट धरलं."

"मंग?"

"त्यानं माझा हात सोडवला. झटकला नाई, ढकलला नाई. एक एक बोट सोडवलं, लेकराचं सोडवते ना तसं. हासत होता."

मग ती म्हणाली, "कोणता हात?"

कोलूनं उजवा हात पुढे केला. अजून नखांत माती होती की टोपलीचा चीक, ते मला कुडातून दिसलं नाही. तिनं तो हात दोन्ही हातांत घेतला, एकेका बोटावरून बोट फिरवलं आणि मग कपाळाला लावला. तेव्हा ती रडली. बुधरी तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. त्या तिघांची भाषा धड एक नाही, पण कोणाला काही अडत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत मी अंगणात उभा होतो. मला आत कोणी बोलावलं नाही.